बरे झाल्याच्या नोंदीनंतर

मस्तिष्कावरणशोथाचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास मेंदूज्वर म्हणतात त्या दुखण्याचे, जे वर्णन वैद्यकाच्या ग्रंथांतून आढळते त्यात घाईचा एक सूर सतत असतो, आणि तो यथार्थच आहे. कारण सकाळी ज्याला नुसता ताप आला आणि डोके ठणकते म्हणून जो कामावर न जाता अंथरुणावर पडून राहिला, त्याची मान दुपारपर्यंत ताठ व्हावी, उजेड त्याच्या डोळ्यांना सोसवेनासा व्हावा, संध्याकाळी त्याचे बोलणे असंबद्ध व्हावे आणि रात्री त्याने घरच्या माणसांना ओळखू नये, इतक्या वेगाने मनुष्याला गाठणारे आजार थोडेच आहेत. १८०५ साली जिनिव्हात उद्भवलेल्या साथीचे वर्णन गास्पार व्हिएस्यो या वैद्याने लिहून ठेवले. १८८७ साली व्हिएन्नात आंटोन वाइक्सेलबाउम यांनी अशा साथींमागचा मेनिंगोकॉकस हा जंतू वेगळा काढून दाखवला. आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या सायमन फ्लेक्सनर यांनी घोड्याच्या रक्तापासून सिद्ध केलेला रक्तरस कण्यातून टोचलेल्या सुमारे १,३०० रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण एकतृतीयांशाच्या आत आलेले पाहून वैद्यकजगताला किती हायसे वाटले असेल, हे त्यापूर्वी या रोगातून फारच थोडे उठत असत ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून कळणार नाही. पुढे सल्फा औषधे आली, पेनिसिलिन आले, आणि रोगी वाचेल की नाही या एकाच प्रश्नाभोवती शतकाहून अधिक काळ फिरत राहिलेल्या विचाराला, वाचलेला रोगी कोणत्या अवस्थेत वाचला, या दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्याची सवड मिळाली. प्रस्तुत पुस्तक या दुसऱ्या प्रश्नाचे आहे.

त्यातही लेखकांनी आपले क्षेत्र मुद्दाम अरुंद ठेवले आहे. जंतुजन्य मेंदूज्वराचा विचार सामान्यतः तीन जंतूंपाशी थांबतो : मेनिंगोकॉकस, न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’. या तिघांवरही आता लशी आहेत. त्यांतील तिसऱ्यावरची लस पंचगुणी लशीच्या रूपाने २०११ च्या अखेरीस केरळ आणि तमिळनाडूपासून आपल्या सार्वत्रिक लसीकरणात दाखल झाली आणि यथावकाश देशभर पोहोचली, तर न्यूमोकॉकसवरची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने दिली जाऊ लागली. म्हणून हे तिघे या पुस्तकात नाहीत. क्षयजन्य मेंदूज्वर हे आपल्याकडचे फार मोठे आणि वेगळे दुःख असून त्यावर स्वतंत्र ग्रंथच हवा, म्हणून तोही येथे नाही. उरतात ते दुर्मिळ म्हणून पाठ्यपुस्तकांच्या तळटीपांत टाकलेले जंतू. परंतु दुर्मिळता हा काही जंतूचा जन्मजात गुण नव्हे. मनुष्य काय खातो, कोणते काम करतो, त्याच्या इस्पितळातील नळाला कसले पाणी येते, यांवर ती अवलंबून असते, आणि एका देशात वैद्याच्या हयातीत एकदाही न दिसणारा जंतू दुसऱ्या देशात याच रोगाचे पहिल्या क्रमांकाचे कारण होऊन बसलेला असतो. याचे उदाहरण पुढे येईलच.

प्रथम रोगाची रणभूमी पाहिली पाहिजे. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पापुद्र्यांचे आवरण असते, आणि त्यांपैकी आतल्या दोहोंच्या मध्ये मस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो. प्रौढ माणसात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. पण दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास नव्याने पाझरत आणि तितकाच शोषला जात असल्यामुळे दिवसातून तीनदा तरी तो संपूर्ण बदलतो. निरोगी अवस्थेत तो इतका निर्मळ असतो की काचेच्या नळीत धरला असता पाण्यापासून वेगळा ओळखू येत नाही. जंतूंचा प्रवेश झाला की तोच द्रव गढूळ होतो, आणि दुखण्याच्या भरात सुईतून थेंबाथेंबाने नळीत उतरताना तांदळाच्या धुवणासारखा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली एरवी पाचसुद्धा पेशी सापडू नयेत अशा जागी शेकडो, कधी हजारो पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते, आणि साखरेचे प्रमाण मात्र अगदी खाली गेलेले असते. ही तपासणी १८९१ साली जर्मनीतील कील येथे हाइनरिख क्विन्के यांनी रूढ केली. आपल्याकडे ‘मणक्यातले पाणी काढले की माणूस कायमचा अधू होतो’ ही समजूत आजही इतकी घट्ट आहे की संमतीच्या कागदावर सही करायला नातेवाईक तासन्‌तास कचरतात, आणि नेमके तेच तास या रोगात मोलाचे असतात. सुई जिथे टोचतात तिथे, कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू संपलेला असतो. तिथे फक्त मज्जातंतूंच्या शिरा द्रवात तरंगत असतात आणि सुई आली की बाजूला सरतात. एवढी एक गोष्ट वॉर्डातल्या परिचारिकेने चित्र काढून समजावली, तर त्या कागदावरची सही पुष्कळ लवकर होते. ही तपासणी कुठे धोक्याची ठरते, आणि मेंदूवरचा दाब वाढल्याची चिन्हे असताना ती पुढे ढकलून औषध मात्र लगेच कसे सुरू करावे, याचे विवेचन दुसऱ्या प्रकरणात आहे.

या द्रवाचा एक दोष असा की रक्तात जंतूंचा समाचार घेणारी जी द्रव्ये सदैव सज्ज असतात, ती येथे अत्यल्प असतात. तटबंदी ओलांडून जो जंतू आत शिरला त्याला आत अडवणारे कोणी नाही. आणि शरीर जागे होऊन प्रतिकार करू लागले की त्या प्रतिकारानेच अर्धी हानी होते : पू साचतो, रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात, द्रवाच्या वाटा तुंबतात, आणि प्रतिजैविकाने जंतू फुटले की त्यांच्या कवचाचे तुकडे हा दाह आणखी भडकवतात. औषधाने जंतू मेला तरी रोग्याचे नुकसान काही काळ वाढतच राहते, ही गोष्ट या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येक तरुण डॉक्टरने मनाशी पक्की बांधून ठेवावी.

आता त्या दुर्मिळ जंतूंकडे वळू. अमेरिकेत, अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रात, एलिझाबेथ किंग नावाच्या जंतुशास्त्रज्ञ काम करीत. देशभरातून येणारे, कोणत्याच ज्ञात कुळात न बसणारे जंतू त्यांच्या टेबलावर येत, आणि त्यांची लक्षणे चिकाटीने नोंदून त्यांचे गट लावणे हे त्यांचे काम होते. १९५९ साली त्यांनी तान्ह्या बालकांच्या मेंदूज्वरात सापडलेल्या एका अनोळखी जंतूचे वर्णन केले. १९६६ साली त्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्या पश्चात, २००५ साली, त्या जंतूच्या कुळालाच ‘एलिझाबेथकिंगिया’ हे नाव देण्यात आले. हा जंतू माती आणि पाणी यांत राहतो. इस्पितळातील बेसिन, नळाची तोटी, कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्राची नळी ही त्याची आवडती ठिकाणे. अपुऱ्या दिवसांच्या, वजनाने कमी असलेल्या नवजात बालकांना तो गाठतो, आणि त्याच्यावर ज्या औषधांनी सामान्यतः उपचार सुरू होतात त्यांपैकी बहुतेकांना तो दाद देत नाही; अगदी शेवटची म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधेसुद्धा फोडून टाकणारी विकरे त्याच्यापाशी उपजत असतात. प्रयोगशाळेचा अहवाल हाती येईपर्यंत बाळावर निरुपयोगी औषधांचा मारा चालू राहतो, आणि जी बालके वाचतात त्यांपैकी कितीतरी जणांच्या मेंदूतील द्रवाच्या वाटा पुवाने तुंबून जलशीर्ष होते. डोक्याचा घेर आठवड्याला टेपने मोजून कागदावर लिहून ठेवणे, हा त्यावरचा पहिला आणि बिनखर्ची पहारा होय. तो घेर अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढताना वेळीच दिसला, टाळू फुगलेली दिसली, तर द्रव पोटात उतरवणारी नळी बसवून बाळाची बुद्धी आणि दृष्टी वाचवता येते. उशिरा दिसला तर फारसे काही हाती राहत नाही. लेखकांनी या प्रकरणात नवजात कक्षातील पाण्याच्या नमुन्यांविषयी जे लिहिले आहे ते इस्पितळांच्या बांधकाम विभागांनीही वाचावे अशी माझी शिफारस आहे.

लिस्टेरिया या दुसऱ्या जंतूविषयी एकच गोष्ट येथे सांगतो. तो शीतपेटीतल्या थंडीतही वाढतो, आणि म्हणून खाद्यपदार्थ साठवण्याच्या आधुनिक व्यवस्थेचा त्याला फायदाच झाला. १९८१ साली कॅनडातील हॅलिफॅक्स भागात उद्भवलेल्या त्याच्या साथीचा माग कोबीच्या कोशिंबिरीपर्यंत लागला, आणि तो कोबी मेंढ्यांचे खत घातलेल्या शेतातला होता. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तयार मांसपदार्थांतून पसरलेल्या साथीत हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि दोनशेहून अधिक दगावले. गरोदर स्त्रिया, त्यांची अर्भके, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती उणावलेले लोक हे त्याचे बळी. मेंदूज्वर म्हटला की प्रथम सुरू होणारे सेफ्ट्रायॅक्सोन या जंतूवर चालत नाही, त्यासाठी अँपिसिलिनच द्यावे लागते, आणि पन्नाशी उलटलेल्या रोग्यात त्याची आठवण ठेवून ते पहिल्या दिवसापासून जोडले पाहिजे.

परंतु पुस्तकाचा गाभा, माझ्या मते, स्ट्रेप्टोकॉकस सुइस या जंतूवरील प्रकरणांत आहे. हा डुकरांच्या नाकात आणि घशातल्या गाठींत वस्ती करून असतो, पुष्कळदा डुकराला काहीएक न करता. माणसाला त्यापासून मेंदूज्वर होतो हे १९६८ साली प्रथम डेन्मार्कमधून कळले. त्यानंतर नेदरलँड्समध्ये अशा रोग्यांची मोजदाद झाली, आणि १९८८ च्या तेथील अभ्यासात असा अंदाज निघाला की खाटिकखान्यातील कामगार आणि वराहपालक यांना इतरांपेक्षा हा रोग होण्याचा संभव सुमारे दीड हजार पट अधिक असतो. बोटाला सुरीची बारीकशी चीर पडलेली असते, त्याच हाताने मांस कापले जाते, आणि काही दिवसांनी ताप येतो. युरोपात हा धंद्याचा रोग ठरला आणि तसाच विसरला गेला. २००५ च्या उन्हाळ्यात चीनच्या सिचुआन प्रांतात मेलेली वा आजारी डुकरे कापणाऱ्या लहान शेतकऱ्यांत त्याची साथ आली, २१५ जणांना बाधा झाली आणि त्यांतील सुमारे १८ टक्के मेले, तेव्हा जगाचे लक्ष पुन्हा तिकडे वळले.

व्हिएतनामची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे हा जंतू प्रौढांतील जंतुजन्य मेंदूज्वराचे सर्वांत मोठे कारण आहे. हो चि मिन्ह शहरातील उष्णकटिबंधीय रोगांच्या इस्पितळात १९९६ पासून दहाएक वर्षांत नोंदलेल्या अशा १५१ रोग्यांचा वृत्तान्त २००८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात शेतकऱ्यांबरोबरच असेही लोक होते की ज्यांनी जिवंत डुकराला कधी हात लावला नव्हता. तेथे ‘तिएत कान’ नावाचा एक पदार्थ मेजवानीला करतात : डुकराचे किंवा बदकाचे ताजे, न शिजवलेले रक्त, ते चटकन गोठू नये म्हणून माशाच्या खारट अर्कात मिसळलेले, बारीक चिरलेल्या मांसावर ओतून वडीसारखे घट्ट होऊ दिलेले, वर भुईमुगाचे दाणे आणि सुवासिक पाला. सणासुदीला, लग्नकार्याला, पाहुणा आला तर, त्याची ताटली मांडतात आणि तो शुभ मानतात. गोव्यातील सोरपोतेलातही रक्त असते, पण ते व्हिनेगरासह सावकाश शिजवलेले असते. मांस आतपर्यंत ७० अंशांवर तापले की या जंतूचे भय उरत नाही. म्हणजे सारा प्रश्न पदार्थ शिजवण्याचा आहे. परंतु ज्या पदार्थाशी सणाचा आनंद आणि यजमानाचा मान निगडित झाला आहे, तो नुसत्या सरकारी हुकमाने ताटातून उठत नाही. आरोग्यखात्याने पंक्तीला बसणाऱ्यांशी आदराने बोलावे लागते, आणि दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडणाऱ्याचे बोलणे कोणी ऐकत नाही, हा लेखकांचा अभिप्राय मला सर्वथा मान्य आहे.

त्या १५१ रोग्यांपैकी मरण पावलेल्यांचे प्रमाण अवघे २.६ टक्के होते. इतक्या भयंकर रोगात इतके अल्प मरण म्हणजे इस्पितळाच्या दप्तरात यशाची नोंद. पण त्याच वृत्तान्तात पुढे असे आहे की दोनतृतीयांश रोग्यांची श्रवणशक्ती कमीअधिक प्रमाणात गेली. अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेचा मस्तिष्क-मेरुद्रवाशी एका अतिसूक्ष्म वाटेने संबंध असतो; त्या वाटेने जंतू आणि पू आत उतरतात आणि ऐकण्याच्या केसाळ पेशी नष्ट करतात. हे सारे दुखण्याच्या पहिल्या काही दिवसांतच घडून जाते, पुष्कळदा रोगी ग्लानीत असतानाच, आणि म्हणून कोणाला कळत नाही. ताप उतरतो, रोगी डोळे उघडतो, पेज पितो, घरच्यांचे डोळे भरून येतात. परिचारिका नाव विचारते तर तो तिच्या ओठांकडे पाहत राहतो आणि चुकीचे उत्तर देतो, आणि सभोवतालचे लोक समजतात की आजारपणाने बुद्धी जरा मंद झाली आहे. त्याच अंतर्कर्णात तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकाही असतात. त्या दोन्ही बाजूंनी निकामी झालेला मनुष्य दिवसा भिंतीच्या आणि जमिनीच्या आधाराने, डोळ्यांच्या भरवशावर, चालू शकतो; पण रात्री दिवे गेले की दोन पावलांत पडतो, आणि रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या त्याला हलताना दिसतात, उभा राहिला तरच अक्षर लागते. असा मनुष्य पुन्हा भातखाचराच्या बांधावरून कसा चालणार, दुचाकीवर कसा बसणार? आणि शेजारी त्याला दारुडा म्हणू लागले, तर ते ऐकूसुद्धा न येणाऱ्या त्या माणसाने आपली बाजू कशी मांडावी?

या हानीला आळा घालण्याचा एक उपाय डेक्सामेथासोन या साध्या, स्वस्त स्टेरॉइडच्या रूपाने पुढे आला आहे. २००२ साली युरोपातील ३०१ प्रौढांवरील परीक्षणात त्याने मृत्यूचे प्रमाण १५ वरून ७ टक्क्यांवर आणले. त्या यशाचा मोठा वाटा न्यूमोकॉकसच्या रोग्यांचा होता. व्हिएतनाममधील स्ट्रेप्टोकॉकस सुइसच्या रोग्यांत, एका तरी कानाने बहिरे होणाऱ्यांचे प्रमाण औषधाविना सुमारे ३८ टक्के होते ते औषधाने सुमारे १२ टक्के झाले. अट एवढीच की ते प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी किंवा तिच्याबरोबरच द्यावे लागते. याउलट मलावीत, जेथे बहुतेक रोगी एचआयव्हीबाधित होते आणि उशिरा इस्पितळात पोहोचत होते, त्याचा काही उपयोग झाला नाही. आणि लिस्टेरियाच्या रोग्यांत तर फ्रान्समधील २०१७ च्या अभ्यासात ते घेतलेल्यांची गत अधिक वाईट दिसली. म्हणून ‘मेंदूज्वर’ एवढ्या निदानावर न थांबता जंतूचे नाव शोधून काढण्याचा आग्रह लेखक पानोपानी धरतात तो निव्वळ विद्वत्तेचा हट्ट नाही. त्या नावावर पुढच्या चार दिवसांतली औषधयोजना बदलत असते.

उपचारानंतरचा भाग मात्र जंतू कोणताही असो, सारखाच आहे, आणि येथे आमच्या व्यवस्थेची ढिलाई मला असह्य वाटते. पू झालेल्या शंखाकृती नलिकेत काही आठवड्यांत तंतू आणि मग चक्क हाड तयार होऊ लागते. ज्याची श्रवणशक्ती पूर्ण गेली आहे त्याला कॉक्लिअर इम्प्लांटने ऐकू येऊ शकते, पण त्या यंत्राची तार जिच्यात सरकवायची ती पोकळीच हाडाने भरून गेली, तर शस्त्रक्रिया अत्यंत अवघड किंवा अशक्य होते. या विकारात बहिरेपणाला अशी मुदत असते, आणि ती कोणी सांगत नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक नियमावलीत मेंदूज्वराच्या प्रत्येक रोग्याची श्रवणचाचणी इस्पितळातून जाण्यापूर्वी किंवा चाचणी होण्याजोगी प्रकृती झाल्यापासून चार आठवड्यांच्या आत व्हावी असे मुक्रर केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये संमत झालेल्या मेंदूज्वर-निर्मूलनाच्या आराखड्यात पाच स्तंभांपैकी एक स्तंभ रोगातून वाचलेल्यांच्या सांभाळासाठीच राखला. आपल्याकडे मात्र डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती सुधारली’ असा शेरा पडला की ते प्रकरण बंद होते.

मोठ्या माणसाला निदान ऐकू येत नाही हे सांगता तरी येते. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे तसे नाही. ‘आई’, ‘पाणी’, ‘भू’ असे दहा-वीस शब्द बोलू लागलेले मूल मेंदूज्वरातून उठते, हसते, खेळते, हाक मारली तर कधी वळते (दाराच्या हादऱ्याने किंवा सावलीने), आणि त्याचे शब्द एक एक करून कमी होत जातात. आजारपणाने मूल अबोल झाले, येईल हळूहळू, असे घरची वडीलधारी माणसे म्हणतात, आणि या ‘हळूहळू’मध्ये ती मुदत निघून जाते. अशा मुलाची तपासणी करायला त्याच्या सहकार्याची गरज नसते. त्याला दूध पाजून झोपवावे, कपाळावर आणि कानांमागे लहान चकत्या चिकटवाव्यात, कानात टिकटिक असा बारीक आवाज सोडावा, आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेत त्याचे तरंग उमटतात की नाही ते पडद्यावर पाहावे. सगळीकडे ‘बेरा’ म्हणून ओळखली जाणारी ही चाचणी वैद्यकीय महाविद्यालयांतून होते, आणि मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणीही होते. केंद्र सरकारच्या दिव्यांग साहाय्य योजनेतून मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळण्याची तजवीजही आहे. म्हणजे यंत्र आहे, तंत्र आहे, पैशाची वाटही आहे. नाही ती फक्त त्या घरातल्या माणसांना योग्य आठवड्यात मिळालेली एक सूचना.

शेवटच्या प्रकरणात लेखकांनी, फिट्स, दृष्टिदोष, स्मृतिदोष आणि वर्तनातील बदल यांच्या माहितीबरोबर, डिस्चार्ज कार्डाचा एक नमुना छापला आहे. त्यात औषधांच्या यादीखाली आणखी तीन ओळी आहेत : बेरा चाचणीची तारीख, ती जिथे होईल ते ठिकाण, आणि चाचणीचा निकाल घेऊन ज्यांना भेटायचे त्या डॉक्टरांचे नाव. बालकांच्या कार्डावर डोक्याच्या घेराचे रकाने आहेत, आणि मोठ्या माणसांच्या कार्डावर रात्री दिवा लावून ठेवण्याची आणि एकट्याने विहिरीवर किंवा जिन्यावर न जाण्याची सूचना आहे. पुस्तक वाचायला सवड नसलेल्या वॉर्डातील प्रमुख परिचारिकेने निदान ते एक पान फाडून घ्यावे आणि त्याच्या प्रती काढाव्यात. प्रकाशकांनी ते पान त्यासाठीच सुटे होईल असे बांधले आहे.